महिनाभर कुलूप लावण्याआधी

मे महिन्यात गावी जायचं ठरलं, किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी पाच-सहा महिने परदेशी राहायचं ठरलं, की तिकिटं, बॅगा, भाजणी-लोणच्यांच्या पुड्या यांच्या याद्या कितीतरी आधी सुरू होतात. घराची यादी मात्र निघायच्या रात्री होते, तीही मनातल्या मनात. गॅस बंद केला, दिवे मालवले, कुलूप ओढून पाहिलं. दोन-चार दिवसांच्या सहलीला एवढं पुरतं. तीन आठवड्यांच्या पुढच्या मुक्कामाला पुरत नाही, कारण तेवढ्या काळात बंद घरातही बरंच काही घडत राहतं. पाणी झिरपतं, डाळीला कीड लागते, बिलाची मुदत उलटते आणि दारात साचलेली पत्रकं जिन्यातल्या प्रत्येकाला सांगतात की आत कोणी नाही.

घर बंद करायचं म्हटलं की सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा चोर येतो. ती भीती खोटी नाही. पण माझं मत असं की पाण्याची चिंता चोराइतकीच, किंबहुना थोडी अधिक करावी. आणि या दोहोंवर कुलपापेक्षा नि कॅमेऱ्यापेक्षा भरवशाचा उपाय म्हणजे किल्ली हाती असलेला, घर माहीत असलेला जवळचा माणूस. म्हणून सुरुवात तिथून करू.

किल्लीचे दोन जोड दोन ठिकाणी द्यावेत. एक त्याच मजल्यावरच्या किंवा त्याच इमारतीतल्या शेजाऱ्यांकडे, दुसरा त्याच शहरातल्या नातेवाइकांकडे, कारण मे महिन्यात शेजारीही गावी जातात. पायपुसण्याखाली, चपलांच्या कपाटात, कुंडीत किल्ली ठेवू नये. शोधणारा पहिल्यांदा तिथंच हात घालतो. वॉचमनदादा विश्वासातले असले तरी पाळ्या आणि माणसं बदलतात, तेव्हा किल्ली त्यांच्याकडे नको, फक्त घर बंद असल्याची कल्पना त्यांना असू द्या.

किल्ली नुसती हातात ठेवून भागत नाही. शेजारच्या काकूंना किंवा भावाला निघायच्या आठवडाभर आधी घरी बोलवा, चहा करा आणि घर फिरून दाखवा. पाण्याचा मुख्य कॉक कुठं आहे, कुठल्या दिशेला फिरवला की बंद होतो, विजेच्या बोर्डावरचा कुठला स्विच कशाचा, गॅसचा व्हॉल्व्ह कुठं, हे सारं त्यांनी स्वतःच्या हातानं एकदा करून पाहायला हवं. नेहमीच्या प्लंबरचा, इलेक्ट्रिशियनचा, सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि एक गोष्ट तोंडानं स्पष्ट सांगा: काही बिघडलं तर मला विचारायला थांबू नका, माणूस बोलवा, दुरुस्ती करून घ्या, पैसे मी लगेच पाठवतो. ही परवानगी न दिल्यामुळे भली माणसं संकोचतात आणि छोटी गळती आठ दिवस तशीच राहते.

खालच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही सांगून जा. आपल्या बाथरूमच्या जमिनीखाली त्यांचं छत आहे. आपल्या घरात पाणी झिरपलं तर पहिला ओला डाग त्यांनाच दिसणार, आणि त्या वेळी त्यांच्याकडे किल्लीवाल्यांचा नंबर हवा.

पाणी

मुख्य कॉक बंद करून जायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. तो खरोखर बंद होतो का, हे मात्र फार थोडेजण पाहतात. जुन्या इमारतींतले चाकाचे पितळी कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम होतात किंवा पूर्ण फिरवूनही थोडं पाणी सोडतात. म्हणून निघण्याच्या पाच-सहा दिवस आधी तो बंद करा आणि घरातले सगळे नळ उघडा. पाइपात साठलेलं पाणी संपल्यावर धार थांबली तर ठीक. थेंब पडत राहिले तर प्लंबरला बोलवायला अजून वेळ आहे. आदल्या रात्री कळून काही उपयोग नसतो. काही घरांत स्वयंपाकघराला एक आणि संडास-बाथरूमला दुसरी अशा वेगळ्या लाइनी असतात, त्यांचे कॉकही वेगळे. वॉशिंग मशीनचा नळ स्वतंत्रपणे बंद करा, कारण त्याची नळी सतत दाबाखाली असते आणि जोडाशीच निसटते.

ज्या भागात पाणी ठरावीक वेळीच येतं, तिथं आणखी एक धोका आहे. पाणी गेलेलं असताना कुणीतरी नळ उघडून पाहतं, कोरडा आहे म्हणून तसाच सोडतं आणि घर बंद होतं. संध्याकाळी पाणी येतं. खाली पाट्यावर बादली किंवा भांडं असेल, जाळीवर फडकं पडलं असेल, तर ते पाणी मोरी ओलांडून खोल्यांत शिरतं. मुख्य कॉक बंद असला की हा प्रश्नच उरत नाही, पण त्याच्या जोडीला प्रत्येक नळ हातानं आवळून पाहावा आणि मोरीतल्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात.

त्याच जाळ्यांखाली ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम उभं असतं. गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून ते असतं. महिनाभरात, विशेषतः उन्हाळ्यात, ते आटतं आणि घरभर दुर्गंधी पसरते. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावं, वर चमचाभर खाण्याचं तेल सोडावं म्हणजे बाष्पीभवन मंदावतं. कमोडचं झाकण लावून ठेवावं.

आता साठवलेल्या पाण्याबद्दल, आणि इथं मी जरा थांबणार आहे. पाणी जाईल या सवयीनं आपण पिंप, बादल्या, कळशा भरून ठेवतो आणि तशाच ठेवून गावी जातो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, उभ्या पाण्यात अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. महिनाभर बंद असलेल्या घरात या डासांच्या दोन-तीन पिढ्या होऊ शकतात. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी दारोदार फिरून साठे तपासतात, पण कुलूप असलेल्या घरात त्यांना जाता येत नाही. त्रास होतो तो आजूबाजूच्या घरांतल्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना.

म्हणून सगळी पिंपं रिकामी करा. नुसती ओतून चालत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की त्यांतून अळ्या निघतात. घासणीनं आतली बाजू खरवडून घासा आणि पिंपं पालथी घाला. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली, मनीप्लांटची बाटली, देवघरातला पाण्याचा गडू, पक्ष्यांसाठी बाल्कनीत ठेवलेलं भांडं, हे सगळं पाहा. पक्ष्यांचं भांडं शेजाऱ्यांच्या खिडकीत जाऊ दे, तिथलं पाणी रोज बदललं जाईल.

वरून येणारं पाणी वेगळं. पूर्वी मे महिन्यात घर बंद करताना पावसाचा विचार फारसा कुणी करत नसे. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि कित्येक घरं तेव्हा गावी गेलेल्या माणसांची वाट पाहत बंद होती. वळवाच्या पावसाचा तर मे महिन्यात कुठलाही दिवस असू शकतो. तेव्हा निघण्याआधी बाल्कनीतली आणि गच्चीतली पाणी जाण्याची जाळी साफ करा, तिच्याजवळ कपडा, चिमटा, प्लॅस्टिकची पिशवी उरू देऊ नका. एक बादली पाणी ओतून ते किती झटकन जातं ते पाहा. सरकत्या खिडक्यांच्या खोबणीत धूळ साचून निचऱ्याची भोकं बुजलेली असतात, ती खराट्याच्या काडीनं मोकळी करा. पश्चिमेकडच्या भिंतीला लागून असलेलं पुस्तकांचं कपाट आणि गाद्या चार बोटं पुढं ओढून ठेवा, म्हणजे ओल आलीच तर त्या भिजणार नाहीत.

तळमजल्यावर किंवा नदीकाठी राहणाऱ्यांनी याहून एक पाऊल पुढं जावं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगावा लागत नाही. अशा ठिकाणी पावसाळ्यात घर बंद होणार असेल, तर कागदपत्रं, गाद्या, मिक्सर, धान्य आधीच माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्या घरी हलवा आणि गाडी उंच जागी लावा.

वीज, गॅस, फ्रिज

मेन स्विच पाडून जाणं सर्वांत सुरक्षित, पण मग फ्रिज रिकामा करावा लागतो. दोन आठवड्यांपेक्षा अधिक जायचं असेल तर मी तोच मार्ग सुचवेन. निघायच्या आठवडाभर आधीपासून भाज्या, दूध, पीठ आणणं कमी करत जा, उरलेलं मावशींना आणि शेजारी द्या. बर्फ वितळू द्या, आतून पुसून कोरडा करा आणि दारात गुंडाळलेला टॉवेल अडकवून ते किंचित उघडं ठेवा. बंद दाराच्या फ्रिजमध्ये बुरशी धरते आणि तो वास महिनोन्‌महिने जात नाही. औषधांसाठी फ्रिज चालूच ठेवायचा असेल, तर एका वाटीत पाणी गोठवून बर्फावर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर समजावं की मधे बराच वेळ वीज गेली होती, आणि तसलं औषध वापरू नये.

फ्रिज किंवा कॅमेऱ्यासाठी वीज चालू राहणार असेल, तर तेवढे एमसीबी सोडून बाकीचे खाली पाडा. टीव्ही, कॉम्प्युटर, गीझर, मिक्सर यांचे प्लग काढून ठेवा. टीव्हीची केबल आणि ब्रॉडबँडची वायरसुद्धा काढा. वळवाच्या विजा त्या वाटेनंही घरात शिरतात. कॅमेरा लावला असेल तर राउटरही चालू हवा, आणि वीज गेली की दोन्ही आंधळे होतात, हे ध्यानात असू द्या.

सिलिंडर असेल तर नुसता रेग्युलेटरचा खटका बंद करून थांबू नका. रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर टोपी बसवा. पाइपचा गॅस असेल तर व्हॉल्व्हची दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद, पाइपच्या रेषेत म्हणजे चालू. तिथं गेलातच तर शेगडीच्या नळीवर छापलेली तारीख वाचा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

धान्याचं काम मे महिन्यात तसंही चालू असतं. गव्हाला ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावर, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरावं. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवावा. पापड, कुरडया, सांडगे कडकडीत वाळले नसतील तर बंद घरात त्यांना बुरशी येते, तेव्हा शंका असलेलं वाळवण सोबत न्यावं किंवा वाटून टाकावं. रवा, बेसन, शेंगदाण्याचं कूट मागं ठेवू नये.

चोरापासून

बंद घर बाहेरून ओळखू येतं ते बहुधा दारावरच्या कुलपामुळे. कोयंड्याला लोंबणारं मोठं कुलूप दणकट वाटतं, पण ते घरात कोणी नाही असं लांबूनच सांगतं आणि पहार घातली की कोयंड्यासकट निघतं. दाराच्या आत बसवलेलं, दोन-तीन दांडे चौकटीत घुसवणारं कुलूप त्याहून चांगलं. बाहेरच्या जाळीच्या दाराला आतून कापडी पडदा लावा, म्हणजे आतल्या दाराची स्थिती दिसत नाही. चौकट जुनी, पोखरलेली असेल तर कितीही महाग कुलूप फुकट आहे. सुताराला आधी चौकट दाखवा.

पेपर आणि दूध बंद करायचं ते वितरकाला थेट सांगून. दारावर चिठ्ठी लावून नव्हे. ऑनलाइन मागवलेलं काही वाटेत असेल तर ते शेजाऱ्यांच्या नावावर वळवा. शेजारच्या काकूंना विनंती करा की दारासमोरचं झाडून घेताना आपल्याही उंबऱ्यापाशी दोन बोटं रांगोळी ओढावी, पत्रकं उचलावीत. रात्रंदिवस जळणारा व्हरांड्यातला दिवा उलट संशय देतो. वीज चालू ठेवणार असाल तर टायमरचा प्लग मिळतो, तो लावून दिवाणखान्यातला एक दिवा संध्याकाळी लागेल आणि रात्री विझेल असं करावं.

व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला विमानतळावरचा फोटो टाकण्याचा मोह मुलांनाच नाही, आजी-आजोबांनाही होतो. तो स्टेटस आपल्या फोनमध्ये नंबर असलेले किती जण पाहतात याचा विचार करा. त्यांत कधीकाळी घरी येऊन गेलेले रंगारी, पार्सलवाले, जुने भाडेकरू सगळे येतात. फोटो परतल्यावर टाकावेत, आणि मुलांना हे नुसतं बजावू नका, कारण समजावून सांगा.

दागिने घरात ठेवू नयेत, कपाटात नाही आणि डाळीच्या डब्यातही नाही. लॉकरला सुट्टीच्या आधी गर्दी होते, म्हणून आठवडाभर आधी जा. तिथलीही मर्यादा माहीत हवी: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे लॉकरमधलं काही गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते. भाडं ३,००० रुपये असेल तर ३ लाख. त्याहून अधिक मोलाचं सोनं असेल तर वेगळा विमा घ्यावा.

घराच्या विम्याबद्दल मोठा गैरसमज आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या देत असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, वादळ, पाण्याची टाकी फुटणं यांचं संरक्षण आहे. चोरीचं मात्र अशा एखाद्या आपत्तीनंतरच्या सात दिवसांपुरतंच आहे. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र संरक्षण विकत घ्यावं लागतं. शिवाय घर सलग किती दिवस बंद राहिलं तर काय, याची अट अनेक पॉलिसींत असते. ती निघण्याआधी वाचा, कळली नाही तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा.

घर बराच काळ बंद राहणार असल्याचं जवळच्या पोलीस ठाण्यात सांगून ठेवणं चांगलं, मुख्यतः बंगल्यात आणि रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांसाठी. आपण नसताना घरफोडी झालीच, तर किल्लीवाल्यांनी आत शिरून आवराआवर करू नये. बाहेरूनच ११२ वर फोन करावा आणि कशालाही हात लावू नये. ठसे पुसले जातात. तुम्ही दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असाल तरी तक्रार अडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते आणि इलेक्ट्रॉनिक मार्गानंही पाठवता येते; तशी पाठवलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. घरातल्या महागड्या वस्तूंचे फोटो आणि बिलं फोनमध्ये असतील तर हे काम खूप सोपं होतं.

बिलं आणि झाडं

वीजबिल थकलं तर पुरवठा तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असं वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ मध्ये आहे. पण बंद घराच्या दाराशी आलेली नोटीस वाचणार कोण? अंदाजानं दोन-तीन महिन्यांची रक्कम आगाऊ भरून टाका. सोसायटीचा मेंटेनन्स आणि विम्याचे हप्तेही तसेच. मालमत्ता कराच्या सवलतीची मुदत कधी संपते तेही पाहून घ्या. परदेशी जाणाऱ्यांनी सिमकार्डाकडे खास लक्ष द्यावं. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, आणि बँकेचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. रिचार्ज आणि रोमिंगची सोय आधी करून ठेवा.

झाडांसाठी सर्वांत चांगलं म्हणजे तुळस आणि लाडक्या कुंड्या शेजाऱ्यांच्या गॅलरीत नेऊन ठेवणं. ते जमत नसेल तर सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर नारळाच्या काथ्याचा थर द्या. पाण्याच्या बादलीतून सुती दोऱ्या मातीत सोडण्याची युक्तीही चालते, मात्र बादलीचं तोंड कापडानं घट्ट बांधा, नाहीतर तिथं पुन्हा डास आलेच.

परतल्यावर

रात्री उशिरा, दमून घरी पोहोचलात तरी आत शिरल्यावर पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जाऊ देऊ नका. आधी नाकानं अंदाज घ्या. गॅसचा वास असेल तर विजेचं कुठलंही बटण चालू वा बंद करू नका. घरगुती सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर उभं राहून १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा. वास नसेल तरी खिडक्या सताड उघडून दहा-पंधरा मिनिटं हवा खेळू द्या, मग मेन स्विच वर करा.

मुख्य कॉक हळूहळू उघडा, एकदम नाही. पाइपातली हवा जोरानं बाहेर पडून जोड निखळतात. नळांतून आलेलं पहिलं, गंजकट पाणी जाऊ द्या. गरम पाण्याच्या नळातून सलग धार येते आहे हे पाहिल्याशिवाय गीझर लावू नका. टाकी रिकामी असताना लावला तर कॉइल जळते. पाण्याच्या फिल्टरमध्ये उभं राहिलेलं पाणी ओतून द्या, एकदा टाकी भरून तेही सोडा आणि त्यानंतर आलेलंच प्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी उतरली असेल, ती भरल्यावरच इन्व्हर्टर चालू करा.